टेस्टिंगला माणसं लागतात

हैदराबाद रोडला, विडी घरकुलाच्या अलीकडं
मल्लेशम येमूलचं पत्र्याचं गॅरेज.
पाटीवर निळ्या रंगात बर्फाचे तीन डोंगर,
त्यातला एक उन्हानं सोलून निघालेला.

मी गाडी लावली तेव्हा दुपारचा दीड.
स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता,
मागच्या सीटवरचे टॉवेलचे नमुने
आत्ताच इस्त्री केल्यासारखे.
'गॅस भर,' म्हटलं, 'संपला असेल.'
'गॅस संपत नसतंय ओ साहेब.
कुठंतरी गळलालंय.'

मग बॉनेट उघडं टाकून तो गप्प झाला.
नायट्रोजनचा दाब दिला, पाइपांना साबणाचा फेस लावला
न्हाव्यासारखा, सांधा न् सांधा,
आणि पोराला म्हणाला, रेडिओ बंद कर.
त्याचा बाप तीस वर्षं पॉवरलूमवर.
एवढ्या खडखडाटात
कुठल्या मागाचा धागा तुटला ते त्याला मानेमागं कळायचं.
पुढं कान गेले,
तरी मानेमागं कळायचंच.

मल्लेशमनं मान जरा तिरकी केली.
कंडेन्सरच्या खालच्या सांध्यावर
एक बुडबुडा धरत होता,
मोहरीएवढा, मग ज्वारीएवढा,
फुटला.
पुन्हा मोहरीएवढा.
'हे बघा. तुमचं गार वारं हितनं चाललंय गावभर.'
गाव तर काही गार झालं नव्हतं.

रबराची एक रिंग, चाळीस रुपयांची.
ती बदलली. व्हॅक्यूम पंप पाऊण तास गुरगुरला.
गॅस भरताना लाल काटा, निळा काटा,
आणि जाळीत खोचलेला थर्मामीटर
एकवीस, चौदा, नऊ,
सातावर येऊन थांबला.

मी पाकीट काढलं.
'थांबा की. टेस्टिंग राहिलंय.
रिकाम्या गाडीत कूलिंग कळत नसतंय, माणसं लागतात.'
आणि रस्त्यापलीकडं तोंड करून
त्यानं तेलुगूत हाक मारली.

पलीकडं भिंतीच्या वीतभर सावलीत
मांडीवर सुपं घेऊन बायका विड्या वळत होत्या.
पंखा लावला तर तंबाखू उडते,
म्हणून उघड्या दारातनं दिसणारा घरातला पंखाही
मे महिन्यात बंद.
चौघी आल्या. नेहमीच्या असाव्यात,
कुणी कुठं बसायचं ते ठरलेलं होतं.
चपला त्यांनी गाडीच्या दाराबाहेर काढल्या.

काचा वर गेल्या.
पुढं बसलेल्या म्हातारीनं जाळीसमोर तळवे धरले,
शेकोटीसमोर धरतात तसे.
मागची एक डोळे मिटून, हातात कात्री तशीच.
तिच्या शेजारणीनं माझा एक नमुना उचलला,
काठावरनं अंगठा फिरवला
आणि काचेतनं माझ्याकडं बघून
नाही, नाही, अशी मान हलवली.
वीण कच्ची होती. मलाही माहीत होतं.

मी जुन्या टायरवर बसून राहिलो.
मल्लेशम गेजकडं एकटक बघत होता.
गेजच्या नळ्या त्यानं केव्हाच काढल्या होत्या.
'अजून किती?'
'लोड घेलालंय,' तो म्हणाला.
वीस मिनिटं घेतला लोड.

बिल विडीच्या लेबलामागं लिहिलं:
रिंग चाळीस, गॅस बाराशे, मजुरी तीनशे.
टेस्टिंगपुढं नुसती रेघ.

बोरामणीच्या पुढं गेल्यावर ऐकू आलं,
जाळीत कायतरी कुरकुरतंय.
तेंदूपानाचा तुकडा, नखाएवढा.
दोन बोटांनी निघाला असता.
पण म्हटलं, असू दे,
गुरुवारी जाऊन दाखवावं, आवाज येतोय म्हणून.
दुपारचंच जावं.
दीडच्या सुमाराला.